जुन्या गाडीच्या सस्पेन्शनचे गंजून बसलेले बोल्ट घरी कसे काढायचे

गाडी खड्ड्यातून गेली की पुढच्या चाकाकडून खट-खट आवाज येतो, ब्रेक मारला की स्टिअरिंग जरासं एका बाजूला ओढतं, मग गॅरेजवाला खाली वाकून टॉमी लावून हलवून बघतो आणि सांगतो की लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, रबरी बुश गेलाय. हे काम तसं नवशिक्याला जमण्यासारखं आहे, पार्ट स्वस्त आहे, चार-सहा बोल्ट खोलायचे, आर्म खाली घ्यायचा, नवीन चढवायचा. पण हे सगळं बोल्ट निघाले तर! पंधरा-वीस वर्षं जुनी गाडी, त्यात ती समुद्राकाठची असेल तर बोल्ट हलतच नाहीत आणि नवीन माणूस तिथेच अडकतो, चिडतो, जोर लावतो आणि जे मोडायला नको तेच मोडून बसतो. म्हणून इथे फक्त बोल्ट काढण्याबद्दल लिहितोय, बुश दाबून कसा बसवायचा वगैरे यात नाही.

आमची गाडी म्हणजे २००३ची मारुती ८००, रत्नागिरीत. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, खारा वारा, त्यात बाबा मिरकरवाडा बंदरावरून मासे आणायचे, बर्फाच्या क्रेटमधलं खारं पाणी डिकीत सांडायचं आणि तिथून खाली झिरपायचं, वर्षानुवर्षं. वरून गाडी चकाचक, खाली चेसिसला हात लावला की गंजाची खपली हातात येते. मी जे सांगतोय ते याच गाडीवर शिकलेलो आहे, पण अल्टो, झेन, सँट्रो, इंडिका, कुठल्याही पुढे शॉकअप आणि खाली लोअर आर्म असलेल्या गाडीला यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

एक गोष्ट मनात पक्की करून मगच पाना हातात घ्या. बोल्ट गेला तरी चालेल, बोल्ट ज्या भोकात आहे ते भोक वाचलं पाहिजे. मी पहिल्यांदा नेमकं उलटं केलं. शॉकअपचा खालचा बोल्ट वाचवायचा म्हणून दोन तास त्याच्या आट्याच्या टोकावर हातोडा मारत बसलो, टोक मारून मारून छत्रीसारखं पसरलं, मग तो बोल्ट भोकातून पलीकडे जाईनाच, मग घाईत ग्राइंडर लावला आणि त्याची चकती नकलच्या कानात घुसली. नकल म्हणजे ज्याच्यावर चाकाचा हब बसतो तो ओतीव तुकडा, आणि कान म्हणजे बोल्टचं भोक असलेली त्याची बाहेर आलेली पट्टी. तो खराब झाला म्हणून भंगारवाल्यांकडे फिरून दुसरा शोधावा लागला, त्यात आठवडा गेला आणि तेवढे दिवस आईला दवाखान्यात रिक्षाने न्यावं लागलं. बोल्ट काय, किरकोळ पैशात मिळतो. ते मला फार लागलं, म्हणून पुढचं सगळं जरा तपशिलात लिहितोय.

बोल्ट जाम का होतो ते आधी समजून घ्या

लोखंड गंजलं की तो गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, पाणी धरून बसलेला गंज तर त्याहूनही फुगतो. आता नट आणि बोल्टच्या आट्यांमधे जागा असते केसाएवढी, त्यात हा फुगलेला गंज दाबून भरला की दोन्ही एकजीव झाल्यासारखे होतात. म्हणजे नुसत्या जोराने तो बोल्ट सुटत नाही, आधी त्या गंजाचा भुगा व्हायला पाहिजे. तेल, ठोकणं, तापवणं, मागे-पुढे हलवणं हे सगळे त्या भुग्यासाठीचेच उपाय आहेत.

सस्पेन्शनमधे अजून एक जागा आहे जिथे लोक हमखास फसतात, बुशच्या आतली लोखंडी नळी. रबरी बुशच्या मधोमध स्टीलची नळी असते आणि बोल्ट त्या नळीतून आरपार जातो. नट छान निघतो, आपण खूश, आणि मग कळतं की बोल्टचा मधला दांडा त्या नळीला आतून चिकटलाय. ओळखायचं कसं? बोल्टच्या डोक्याला पाना लावा आणि ओढा. पाना थोडा फिरतो, वाटतं सुटला एकदाचा, आणि हात सैल सोडला की पाना हळूच परत होता तिथे येतो. तुम्ही बोल्ट फिरवत नसून रबर पिळताय. हे दिसलं की जोर लावणं ताबडतोब थांबवा, त्याचा उपाय वेगळा आहे, खाली येईलच.

तयारी

काम सुरू करायच्या आधी नवीन बोल्ट, नट, वायसर आणून ठेवा, जुने परत वापरायचे असा विचारच नको. जुन्या बोल्टच्या डोक्यावर आकडे असतात ते बघा, ८.८ किंवा १०.९ असं लिहिलेलं असतं, तो त्याच्या ताकदीचा ग्रेड. तोच ग्रेड, तीच लांबी, तोच आटा. हार्डवेअरच्या दुकानातला बिनआकड्याचा बोल्ट दिसायला तसाच असतो, किमतीला कमी असतो, पण सस्पेन्शनला तो लावायचा नाही, इथे मी अजिबात तडजोड करत नाही कारण हा बोल्ट तुटला तर चाक वाकडं होतं आणि ते चालत्या गाडीत होतं. मारुती ८०० २०१४पर्यंत बनत होती त्यामुळे तिचे पार्ट अजून सहज मिळतात, काही गाड्यांचे शोधावे लागतात, म्हणून आधी शोधा मग खोला.

हत्यारांमधे सगळ्यात महत्त्वाची गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा सॉकेट. सहा कोनी गोटी घ्या. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच गोटी सेटमधे बारा कोनी गोट्या असतात, त्या पटकन बसतात पण नटाला फक्त कोपऱ्यावर धरतात, आणि गंजलेला नट आधीच झिजलेला असतो, मग कोपरे घसरतात आणि नट गोल. सहा कोनी गोटी नटाच्या सपाट बाजूवर दाब देते. आमच्या गाडीला बहुतेक जागी १२, १४, १७ आणि १९ एवढ्यात काम होतं, तुमच्या गाडीला बघून घ्या. मी नाशिकच्या टपारियाचा सेट वापरतो, सहा कोनी १७ आणि १९ वेगळ्या घेतल्या. त्याच मापाचे रिंग पाने पाहिजेत कारण एका बाजूने डोकं धरायचं असतं आणि दुसरीकडून नट फिरवायचा असतो. फिक्स पाना, म्हणजे उघड्या तोंडाचा, जाम बोल्टला लावूच नका.

बाकी मग अर्धा इंची चौकाचा ब्रेकर बार, म्हणजे गोटी फिरवायचा लांब दांडा, एक किलोचा हातोडा, तांब्याचा किंवा पितळेचा एखादा जाड तुकडा ठोकायला, छन्नी, पंच, वायर ब्रश, हॅक्सॉ आणि चार-पाच चांगली ब्लेडं. ग्राइंडर असेल तर उत्तम. डोळ्यांना गॉगल पाहिजेच पाहिजे, उताणं झोपून वर ठोकताना गंज सरळ डोळ्यात येतो, मला एकदा डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन कण काढून घ्यावा लागलाय.

तीन दिवस आधी तेल

रविवारी सकाळी काम करायचं असेल तर तेल गुरुवारपासून सुरू. हे सगळ्यात सोपं काम आहे आणि हेच लोक टाळतात.

तेल मारायच्या आधी वायर ब्रशने घासा. विशेषतः नटाच्या बाहेर आलेले बोल्टचे आटे, तिथे चिखल आणि गंज यांचा थर असतो आणि नट सुटला तरी त्याला त्याच आट्यांवरून बाहेर यायचंय, घाण तशीच ठेवली तर नट अर्ध्यात येऊन परत फसतो. आट्यांच्या खाचेतली घाण जुन्या हॅक्सॉ ब्लेडच्या टोकाने खरवडून काढा, आटे चमकायला लागेपर्यंत.

कुठलं तेल? डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळतं आणि चालतं, पण ते मुळात १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला पाणी हटवून गंज टाळण्यासाठी बनवलं गेलं, नावातल्या डब्ल्यूडीचा अर्थच पाणी हटवणं आहे. जाम सोडवायला खास पेनिट्रेटिंग ऑइल म्हणून मिळतं ते जास्त चांगलं. घरगुती उपाय म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं. हे दोन्ही नीट मिसळत नाहीत, ठेवलं की वेगळे होतात, म्हणून दरवेळी खळखळून हलवायचं. अ‍ॅसिटोन रंग खातो, बऱ्याच प्लास्टिकलाही विरघळवतो, म्हणून पत्र्याच्या तेलाच्या डब्यातून थेंब थेंब सोडा, आणि ते पेट्रोलसारखं पेटतं, त्यामुळे हा उपाय केलेल्या जागी त्या दिवशी आगीचा विचार करायचा नाही. काहीच नसेल तर डिझेल, रॉकेल मिळत असेल तर रॉकेल, जुने मिस्त्री त्याच्यावरच काम करायचे.

सकाळी एकदा, रात्री एकदा. तेल मारलं की हातोड्याने बोल्टच्या डोक्यावर आणि नटाच्या बाजूंवर हलके दहा-पंधरा टोले द्या, जोरात नको, टक टक टक एवढंच, त्या कंपनाने गंजात चिरा पडतात आणि तेल आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी बघाल तर नटाच्या कडेने चहासारखं तांबूस पाणी ओघळलेलं दिसेल. ते दिसलं की समजा तेल आत पोचतंय. मधल्या दिवसांत गाडी नेहमीसारखी चालवा, गाडीच्या हादऱ्याने पण काम होतं. फक्त तेल ब्रेक डिस्कवर, पॅडवर किंवा टायरवर जाता कामा नये, डिस्कला आधी फडका गुंडाळा आणि गाडी बाहेर काढायच्या आधी दोन-तीनदा ब्रेक मारून बघा.

आमच्या शेजारच्या आळीत एक वयस्कर मिस्त्री काका आहेत, चाळीस वर्षं फियाट, अँबेसिडर, जीप खोलण्यात गेली. मी त्यांना विचारलं की काका, तेल मारून किती वेळ थांबायचं, तर म्हणाले, "अरे बाळा, तू थांबू नको, तू विसर. परवा आठवण झाली की परत मार."

गाडी उचलताना

हा भाग नीट वाचा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, कधीच नाही. जॅक फक्त उचलायला, गाडी टेकवायची जॅक स्टँडवर. आपल्याकडे लोक जांभ्याच्या चिऱ्यावर किंवा सिमेंटच्या ब्लॉकवर गाडी ठेवतात, आमच्याकडे तर घराच्या मागे चिरे पडलेलेच असतात त्यामुळे हात तिकडे जातोच. पण चिरा आतून कुठे पोकळ आहे ते दिसत नाही, आणि तो फुटतो तेव्हा आधी सांगून फुटत नाही. स्टँड नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून दोन दिवस मागून आणा, देतात. काढलेलं चाक आडवं करून दाराखालच्या पट्टीच्या खाली सरकवून ठेवा, स्टँड सरकलाच तर गाडी चाकावर अडकेल.

जमीन कडक आणि सपाट पाहिजे, मातीच्या अंगणात जॅक रुततो, खाली जाड फळी घ्या. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. आणि जुन्या गाडीत स्टँड जिथे लावणार ती जागा आधी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा, खणखणीत वाजली तर ठीक, बद्द आवाज आला किंवा पत्रा दबला तर ती जागा आतून सडलेली आहे, तिथे वजन देऊ नका, आत चेसिसच्या जाड भागावर द्या.

शक्य असेल तर पहिला जोराचा झटका गाडी चाकांवर उभी असतानाच मारा. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं की बऱ्याच गाड्यांत शॉकअपच्या खालच्या बोल्टपर्यंत पाना पोचतो. नटाची पकड एकदा सुटून तो सैल झाला की मग गाडी उचला. उचललेल्या गाडीला खालून ब्रेकर बारने हिसके देणं मला अजिबात पसंत नाही.

आणि शॉकअपच्या वरती, बॉनेटखाली, मधोमध जो एक मोठा नट दिसतो त्याला हात लावू नका. त्याने दाबलेली स्प्रिंग धरून ठेवलेली असते, तो काढला तर स्प्रिंग उसळून माणूस मरू शकतो. अख्खा शॉकअप काढायचा असेल तर त्याच्या भोवतीचे छोटे नट काढतात, मधला कधीच नाही.

आता पाना

दिशा आधी ठरवा. नट ज्या बाजूला आहे त्या बाजूने नटाकडे तोंड करून बघायचं, घड्याळाच्या उलट फिरवला की सुटतो. ऐकायला सोपं वाटतं पण गाडीखाली उताणं झोपल्यावर भल्याभल्यांचा गोंधळ होतो आणि जाम नट अजून आवळला जातो. खडूने नटाजवळ बाण काढून ठेवा. शॉकअपचे खालचे बोल्ट काढायच्या आधी ते कुठे बसले होते तिथेही मार्करने रेघ मारा, काही गाड्यांत तिथूनच चाकाचा कँबर, म्हणजे उभ्या चाकाचा आत-बाहेर कल, ठरतो.

बोल्टचं डोकं रिंग पान्याने धरा, पाना कशाला तरी टेकवून अडकवा, आणि फिरवायचा नट. काही गाड्यांत बोल्टच्या डोक्याखाली उभ्या रेघांचे दाते असतात जे भोकात रुतून बसतात, तिथे डोकं फिरवलं तर भोकच खराब होतं.

पहिला जोर सोडायच्या दिशेने लावू नका, आवळायच्या दिशेने लावा, अगदी थोडा. उलटं वाटेल पण गंजाची पकड तुटायला तेवढं पुरतं. मग सोडायच्या दिशेने. परत थोडा आवळा. परत सोडा. बार ओढा, ढकलू नका, सटकला तर बोटं फुटतात.

इथे कान आणि हात दोन्ही लागतात. गंज तुटतो तेव्हा "टक्क" असा कोरडा आवाज येतो, कधी कधी इतका मोठा की वाटतं बोल्ट तुटला, पण नंतर नट दाताखाली वाळू आल्यासारखा करकरत फिरतो. हा चांगला आवाज. पण जर आवाज न येता पाना हळूहळू फिरतोय आणि हाताला चिवट लागतंय, ओल्या चामड्यासारखं, तर थांबा. तो नट फिरत नाहीये, बोल्टचं स्टील पिळलं जातंय, अजून अर्धा फेरा आणि तो तुटेल.

पाइप लावून बार लांब करायचा मोह सगळ्यांना होतो. जरा हिशेब बघा, १२ मिलिमीटरच्या ८.८ ग्रेडच्या बोल्टला आवळायचा टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, साधारण ८ किलो-मीटरच्या आसपास, म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकावर ८ किलो वजन. तुम्ही ७० किलोचे असाल आणि एक मीटर पाइपच्या टोकावर सगळं वजन टाकलंत तर होतात ७० किलो-मीटर, म्हणजे जवळजवळ नऊ पट! बोल्ट तुटणारच. पाइप लावा, पण दोन फुटांपेक्षा मोठा नको आणि वजन न टाकता फक्त हाताने. त्यापेक्षा छोटे छोटे झटके जास्त काम करतात, झटके देत नट फिरवणारं मशीन, म्हणजे इम्पॅक्ट रेंच, त्याचमुळे जिंकतो. बॅटरीवरचा इम्पॅक्ट कोणाकडून मिळाला तर आणाच, पण तेल मारलेल्या नटावर आणि इम्पॅक्टच्या काळ्या गोट्या लावून, साध्या चकचकीत गोट्या फुटतात.

नट पाव फेरा फिरला की लगेच सगळा काढायला जाऊ नका. तेल मारा, मागे घ्या, पुढे घ्या, परत तेल. मधेच घट्ट वाटला की आत फिरवा आणि पुसून परत. आमच्या उजव्या बाजूचा एक नट असा काढायला मला पाऊण तास लागला, पण आटा एकही गेला नाही.

आमच्या ८००मधे दोन जागा अजून सांगतो. एक, स्टॅबिलायझर बारचं, म्हणजे दोन्ही बाजूंचे आर्म जोडणाऱ्या दांड्याचं, टोक लोअर आर्ममधून येतं तिथला खाचेचा नट, त्यात स्प्लिट पिन असते आणि ती गंजून नटाच्या खाचेत दिसतच नाही, लोक पिन न काढताच नटाला झोंबतात. ब्रशने घासा, पिनची टोकं शोधा, सरळ करा, पक्कडीने ओढा, तुटली तर बारीक पंचने ठोकून बाहेर. दुसरी, बॉल जॉइंटचा, म्हणजे आर्म आणि नकल जोडणाऱ्या गोळ्याच्या सांध्याचा, आडवा बोल्ट. हा बोल्ट बॉल जॉइंटच्या दांड्यावरच्या खाचेतून जातो, त्यामुळे नुसता सैल करून चालत नाही, पूर्ण बाहेर यावाच लागतो, तोपर्यंत आर्म कितीही ठोका, निघणार नाही.

आणि कधी कधी बोल्ट जाम नसतोच, त्याच्यावर वजन आलेलं असतं. नट निघालाय, बोल्ट हाताने फिरतोय पण सरकत नाही, असं असेल तर लोअर आर्मखाली दुसरा जॅक लावून एकेक सेंटिमीटर वर-खाली करत बघा, एका ठिकाणी बोल्ट बोटाने बाहेर येतो.

बोल्ट ठोकून काढायचा असेल तर माझी चूक करू नका. नट पूर्ण काढू नका, आट्याच्या टोकाशी समपातळीत ठेवा आणि मधे पितळेचा तुकडा धरून ठोका, म्हणजे आटे पसरत नाहीत. बोल्ट आत गेला की मग नट काढा आणि भोकापेक्षा बारीक पंचने पुढे ढकला.

तापवणं

तेलाने तीन दिवसांत ऐकलं नाही तर आग. एसी-फ्रिजवाल्यांकडे असतो तसा छोटा गॅस टॉर्च पुरतो. तापवायचा नट, बोल्ट नाही. १२ मिलिमीटरचा नट ३०० डिग्रीने तापला तर त्याचं भोक साधारण ०.०४ मिलिमीटरने मोठं होतं, केसाच्या निम्म्या जाडीएवढं, पण गंजाची पकड सोडायला तेवढं पुरे. दोन मिनिटं तापवा, पाना लावा, नाही आलं तर थंड होऊ द्या आणि परत तापवा. गरम असतानाच मेणबत्तीचं टोक आट्याच्या कडेला टेकवा, मेण पातळ होऊन आत शिरतं आणि वंगणाचं काम करतं.

आता कुठे तापवायचं नाही ते. शॉकअपच्या नळीला ज्योत लागता कामा नये, आत तेल आणि दाबाखालचा गॅस असतो. ब्रेकची रबरी नळी, बॉल जॉइंटचं रबर, ड्राइव्ह शाफ्टचा बूट, हे सगळे दोन-चार इंचांवरच असतात, पत्र्याचा तुकडा आडवा धरा आणि ओला फडका गुंडाळा. मागच्या सस्पेन्शनचं काम असेल तर पेट्रोलची टाकी जवळच असते, तिथे घरी आग नकोच. आधी तेल मारलेलं असतं ते पुसून घ्या, थोडा धूर येतोच. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी आग अजिबात नाही, काही क्लीनरमधे क्लोरीनचे द्रव असतात, ते तापले की फॉस्जीन नावाचा विषारी वायू होतो. जवळ पाण्याची बादली आणि वाळू ठेवा, आणि घरातल्या एकाला सांगून ठेवा की लक्ष दे. तापवलेला नट-बोल्ट परत वापरायचा नाही.

नट गोल झाला तर

एक माप लहान सहा कोनी गोटी हातोड्याने ठोकून बसवा, १७चा नट झिजलेला असेल तर १६ची, घट्ट बसते. नाही तर चांगला दातेरी पाइप पाना. तेही नाही झालं तर वेल्डरला बोलवा, गोल झालेल्या नटावर दुसरा मोठा नट वेल्ड केला की पकड पण मिळते आणि वेल्डिंगच्या तापाने गंजही सुटतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनच्या, गाडीत कॉम्प्युटर असतो. छन्नीने नट चिरणं हा पण उपाय आहे, नटाच्या सपाट बाजूवर बोल्टच्या लांबीला समांतर चीर पाडत जायचं, नट उघडतो.

बुशच्या नळीत चिकटलेला बोल्ट

याच्यावर मी आता वेळ घालवत नाही, कापतो. बुश तसाही बदलायचाच आहे. आर्मचा बुश आणि चेसिसचा कान यांच्यात फट असते, तिथे हॅक्सॉ ब्लेड घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापायचा, नळीसकट. ब्लेडला एका टोकाला जुना फडका गुंडाळून मूठ केली की अडचणीच्या जागी पण चालते. १२ मिलिमीटरचा कडक बोल्ट एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं घेतो, दोन-तीन ब्लेडं जातात. ग्राइंडरने दोन मिनिटांत होतं, पण चकती बारीक, १ मिलिमीटरची, आणि ठिणग्या कुठे जातायत ते बघून. कानाला चकती लागतेय असं वाटलं की ग्राइंडर बंद करून शेवटचं हॅक्सॉने कापा. आर्म खाली आला की कानात उरलेले तुकडे पंचच्या एका टोल्यात निघतात.

काही गाड्यांत पलीकडे सुटा नट नसतो, चेसिसच्या आत वेल्ड केलेला असतो. बोल्ट फिरतोय, फिरतोय आणि बाहेर येत नाही म्हणजे आतल्या नटाचं वेल्ड तुटलंय. हे नवशिक्याने घरी करू नये. चेसिसला खिडकी पाडून नट धरावा लागतो आणि परत वेल्ड करून बंद करावा लागतो, चांगल्या पत्रा-वेल्डिंगवाल्याला द्या. बोल्ट तिथे आतच तुटला तरी तेच. मध्यावर पंच मारून ड्रिल करता येतं, पण ड्रिल तिरकं गेलं की आतले आटे गेले. लेथवाल्याकडे हे काम तासाभराचं असतं.

परत बसवताना

नवीन बोल्टच्या मधल्या गुळगुळीत दांड्याला, जो बुशच्या नळीत राहणार, त्याला कॉपर ग्रीस किंवा अँटीसीझ पातळ चोपडा. भोकं वायर ब्रशने साफ करा. आट्यांना भरमसाट ग्रीस लावू नका, वंगण लागलेला नट त्याच टॉर्कला जास्त आवळला जातो.

सगळे बोल्ट आधी हाताने लावा, एकही पान्याने सुरू करू नका. आणि रबरी बुशचे बोल्ट गाडी लटकत असताना फायनल आवळायचे नाहीत. चाकं लावा, गाडी खाली उतरवा, पुढून दोन-तीनदा दाबून हलवा, मग गाडीचं वजन चाकांवर असताना मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. लटकत असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि बुश काही महिन्यांत फाटतो, मग लोक पार्टला नावं ठेवतात. टॉर्क रेंच भाड्याने किंवा ओळखीत मिळतं, मागायला लाजू नका. खाचेच्या नटाला नवीन स्प्लिट पिन.

मग अलाइनमेंट करून घ्या, शॉकअप किंवा आर्म खोलला असेल तर करावंच लागतं. आवळलेल्या प्रत्येक नटावरून बोल्टवर जाईल अशी पांढऱ्या ऑइल पेंटची एक रेघ मारून ठेवा, आणि शंभर किलोमीटर गाडी चालली की खाली वाकून टॉर्चने बघा. रेघ सरळ असेल तर नट जागेवर आहे, तुटलेली दिसली तर परत टॉर्क लावा. मी ती रेघ दर पावसाळ्याच्या आधी मे महिन्यात आणि पाऊस गेला की दसऱ्याच्या सुमाराला बघतो, त्याच वेळी खालून गोड्या पाण्याचा पाइप मारतो, सुकायला सोडतो आणि सगळ्या नटांच्या टोकांना ब्रशने ग्रीस लावतो.